मूर्तिजापूर

महाराष्ट्राच्या अकोला जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या ३८,५५४ (२००१). मुंबई–नागपूर लोहमार्गावर, अकोला व बडनेरा यांच्या दरम्यान. अहमदनगरच्या पहिल्या मुर्तजा निजामशाहाने १५७४ मध्ये वऱ्हाड घेतले. गावाचे नाव त्याच्यावरून पडले असे मानतात.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) रेल्वेचा फाटा १८६७ मध्ये नागपूरला पोचला. मूर्तिजापूरचे नाव मात्र दूरवर झाले ते येथून दोन्ही बाजूंना फुटलेल्या नॅरोगेजमुळे. उत्तरेस दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूर (७६ किमी.) आणि दक्षिणेस कारंजा, दारव्ह्यामार्गे यवतमाळ (११३ किमी.) अशा तिच्या दोन शाखा. रुळांतील अंतर अडीच फूट. किलिक निक्सन कंपनीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढून हा मार्ग बांधला. हेतू कपाशीचा होता: आतल्या तालुक्यांतील रुईच्या गाठी येथे मोठ्या गाडीत चढत, मुंबई बंदरातून मँचेस्टरला जात. गाड्या जी. आय. पी. चालवी व मालक कंपनीला मोबदला देई. १९५१ नंतर हे काम मध्य रेल्वेकडे आले, रुळांची मालकी मात्र खाजगीच राहिली. देशातील बाकीचे मार्ग सरकारी झाल्यावरही या मार्गाचा करार चालू राहिला, ही भारतीय रेल्वेच्या इतिहासातील असाधारण गोष्ट होय.

लोक या गाडीला ‘शकुंतला’ म्हणतात. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले झेड.डी. वर्गाचे वाफेचे इंजिन १९२३ पासून सत्तर वर्षे ती ओढत होते. १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिन आले. वेग बेताचा, अचलपूरला पोचायला साधारण चार तास लागत. तिकीट देणे, हाताने सिग्नल दाखवणे, इंजिन सोडणे-जोडणे ही सारी कामे मोजकीच माणसे करीत. एसटीचे भाडे न परवडणाऱ्या शेतमजुरांची ती गाडी होती, आणि तिचे खरे महत्त्व यातच आहे. २०१६ मध्ये ब्रॉडगेज रूपांतराला मंजुरी मिळाली. सध्या दोन्ही शाखांवरील गाड्या बंद असून त्या पुन्हा सुरू कराव्यात अशी मागणी वऱ्हाडात चालू आहे.

नागपूरला मोतीबाग येथे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे (१४ डिसेंबर २००२), पण त्याचा भर बंगाल-नागपूर रेल्वेकडून आलेल्या सातपुड्यातील मार्गांवर आहे. शकुंतला भुसावळ विभागाची. तिची जपणूक मूर्तिजापुरातच व्हायला हवी. एखादे इंजिन चौथऱ्यावर उभे केल्याने ती साधणार नाही. फलाट, छोटी स्थानके, डबे, कामकाजाच्या वह्या आणि निदान काही किलोमीटर चालती गाडी एकत्र राखली, तरच कापसाच्या या रेल्वेची रीत पुढच्या पिढीला कळेल. बार्शी लाइट रेल्वेचा मार्गही अडीच फुटी होता. रूपांतरानंतर त्यावरची छोटी गाडी गेली ती गेलीच.

तालुक्यातील दापुरे हे संत गाडगेबाबांच्या मामांचे गाव. बाबांचे बालपण तेथे गेले. पूर्णेकाठच्या लाखपुरीला लक्षेश्वराचे मंदिर आहे.

कापूस, तूर, सोयाबीन ही मुख्य पिके. जिनिंग-प्रेसिंगचा व्यवसाय जुना. कृषी उत्पन्न बाजार समिती आहे.