शत्रूच्या तंबूतील दोस्त
खिलाफत चळवळीचा धडा शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो, "सर, आपले मुसलमान शिपाई इंग्रजांसाठी तुर्कांशी लढले, ते कसे?" याचे उत्तर शोधताना मला एका इंग्रजाची हकीकत आठवते. त्यालाही आपल्या तुर्क दोस्तांवरच बंदूक रोखावी लागली होती.

ऑब्रे हर्बर्ट १८८० साली हायक्लिअरच्या सरदार घराण्यात जन्मला. वडील चौथे अर्ल ऑफ कार्नार्व्हन. लहानपणापासून दृष्टी इतकी अधू की जवळजवळ आंधळाच. ऑक्सफर्डनंतर तो इस्तंबूलच्या ब्रिटिश वकिलातीत राहिला. तुर्की, अरबी, अल्बेनियन भाषा शिकला. १९११ मध्ये तो पार्लमेंटचा सभासद झाला. १९१२ मध्ये स्वतंत्र झालेल्या, मुस्लिम बहुसंख्येच्या अल्बेनियाची बाजू त्याने लंडनमध्ये लावून धरली. अल्बेनियनांनी त्याला आपले तख्त देऊ केले. तो काही राजा झाला नाही.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. अशा डोळ्यांच्या माणसाला फौजेत कोण घेणार? त्याने स्वतःच गणवेश मिळवला आणि निघालेल्या आयरिश गार्ड्सच्या पलटणीत सामील झाला. मॉन्सच्या माघारीत तो जखमी होऊन पकडला गेला, पुढे सुटला. मग तुर्कस्तान युद्धात उतरले आणि हर्बर्ट गॅलिपोलीला पोहोचला.

१९ मे १९१५ च्या तुर्की हल्ल्यात सुमारे तीन हजार तुर्क मारले गेले. दोन्ही खंदकांच्या मध्ये प्रेते उन्हात सडत होती. तहासाठी झटणाऱ्यांत हर्बर्ट पुढे होता. २४ मे रोजी सकाळी साडेसात ते दुपारी साडेचार लढाई थांबली. तुर्क शिपायांशी त्यांच्याच भाषेत बोलत तो मैदानात फिरला. दोन्हीकडच्यांनी आपापले मुर्दे दफन केले. नंतर पुन्हा गोळ्या सुरू झाल्या.

त्याच वर्षाच्या अखेरीस इराकात कूत-अल-अमाराला पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली. तीत मराठा पलटणीही होत्या, मुसलमान शिपाईही. धर्मामुळे अनेकांनी घोड्याचे मांस नाकारले आणि उपासमार सोसली. सुटकेसाठी इंग्रजांनी देऊ केलेले लाखो पौंड तुर्कांनी नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी हर्बर्ट, बीच आणि लॉरेन्स हे तिघे डोळ्यांवर पट्टी बांधून खलील पाशाच्या छावणीत गेले. तोवर १४७ दिवसांचा वेढा शरणागतीत संपला होता. आजाऱ्यांची अदलाबदल आणि कूतच्या अरबांना माफी, एवढेच मागणे उरले होते. उरलेल्या कैद्यांना वाळवंटातून पायी नेले. हजारो मेले.

हर्बर्ट १९२३ साली, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारला. त्याच्या दोस्तीने युद्ध थांबले नाही. साम्राज्याची चाकरीही त्याने सोडली नाही. तरी त्या नऊ तासांत हजारो तुर्कांना कबर मिळाली, हे मी लहान मानत नाही.

पण फरक विसरता येत नाही. हर्बर्टने गणवेश स्वतः मिळवला होता. युद्धाबद्दल बोलायला त्याच्याकडे पार्लमेंट होते, आणि १९१९ मध्ये त्याची रोजनिशीही छापली गेली. आपल्या शिपायाकडे पगार होता, शपथ होती आणि मागे घरदार होते. खलिफाच्या फौजेसमोर उभे राहताना त्याच्या दिलात काय चालले असेल, हे त्याला कुणी विचारले नाही.

म्हणून मी मुलांना सांगतो, "ते का लढले, हे विचाराच. पण त्याआधी विचारा, त्यांना नाही म्हणण्याची मुभा होती का?"