स्टेशन लावणाऱ्या जोडीची वंशावळ

जुन्या रेडिओचं बटण फिरवलं की खरखरीतून एक स्टेशन वर येई. बटणामागे मुख्य ऐवज दोनच गोष्टींचा: तारेची गुंडाळी आणि बदलता कपॅसिटर. या जोडीचं मूळ शोधत गेलं तर १८४२ साली अमेरिकेतल्या जोसेफ हेन्रीच्या टेबलाशी पोचतो. लेडन जार या जुन्या काचेच्या कपॅसिटरमधली वीज वेटोळ्यातून सोडून तो आतल्या सुया चुंबकित करत होता. सुईच्या ध्रुवांची दिशा कधी सुलट यायची, कधी उलट. हेन्रीने ताडलं, की वीज एकदाच वाहून थांबत नाही. ती मागेपुढे हेलकावत विझते.

या हेलकाव्यांचा हिशेब मांडला विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, १८५३ मध्ये. मंडलातला रोध एका मर्यादेच्या आत असेल तर हेलकावे. त्यापलीकडे गेला तर वीज निमूट ओसरते. ही मर्यादा गुंडाळी आणि कपॅसिटर मिळून ठरवतात. अवमंदनाचा, म्हणजे हेलकावे विझत जाण्याचा, सगळा मामला त्या एका अटीत आला.

पण बाहेरून सतत एसी, म्हणजे मागेपुढे होणारा प्रवाह, ढकलत राहिलं तर? विल्यम ग्रोव्हला अशाच एका प्रयोगात कपॅसिटर जोडल्यावर ठिणगी उलट वाढलेली दिसली. १८६८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने उलगडा केला: एका ठरावीक वारंवारतेला गुंडाळीचा आणि कपॅसिटरचा अडथळा एकमेकांना खोडतात, आणि प्रवाहाला आवरायला उरतो फक्त रोध. हाच अनुनाद.

१८८९ मध्ये ऑलिव्हर लॉजने हे डोळ्यांना दाखवलं. दोन लेडन जार, दोघांना तारेची चौकट, दुसरीवर सरकती आडवी तार. ती नेमक्या जागी आली की पहिल्या जारच्या ठिणगीसरशी दुसऱ्यातही ठिणगी. जरा हलवली की काही नाही.

स्टेशन वेगळं निवडता येण्याचं श्रेय नेहमी अनुनादाला मिळतं. माझ्या मते निम्मं अवमंदनाचं आहे. ठिणगीवर चालणाऱ्या जुन्या बिनतारी यंत्रांच्या लहरी लवकर विझत, त्यामुळे त्या रुंद पट्ट्यात पसरत, म्हणून एकाचा संदेश दुसऱ्यात घुसे. मग रोध घटवायची धडपड सुरू झाली. पण तीही बेतानेच हवी. रोध जितका कमी तितका मंडलाचा गुणवत्ता गुणांक (Q) जास्त आणि पट्टा अरुंद. १००० किलोहर्ट्झच्या स्टेशनला हा गुणांक १०० असेल तर १० किलोहर्ट्झचा पट्टा मिळतो आणि बोलणं स्वच्छ येतं. तोच १००० केला तर पट्टा १ किलोहर्ट्झवर येतो आणि आवाज घोगरा होतो. टीव्हीला तर याहून कितीतरी रुंद पट्टा लागे, म्हणून त्याच्या आयएफ (मध्यम वारंवारता) विभागात गुंडाळीला मुद्दाम रेझिस्टर जोडत.