नवा शिपाई आणि त्याची शर्त

छावणी हा शब्द उच्चारला म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, रहिवाशापुढे खाम नदीपलीकडील लष्करी वस्ती उभी राहते. शब्दाचे मूळ मात्र इंग्रजी अमदानीच्याही मागचे आहे. छावणे म्हणजे गवतपानांनी शाकारणे. दसऱ्यास शिलंगण करून निघालेली फौज पावसाळा तोंडावर आला की जेथे छपराचा आसरा करून राही, ते ठिकाण छावणी. तेव्हा छावणी ही प्रथम लढण्याची नव्हे, राहण्याची जागा होय. आणि नव्या शिपायाला पहिला धडा मिळतो तो रणांगणावर नव्हे, तर अशा राहण्याच्या जागीच मिळतो.

या बाबतीत मराठीत एक फार जुना दाखला आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण भागात छावणीस असलेल्या आपल्या लष्करातील अंमलदारांना शिवछत्रपतींनी एक पत्र पाठविले. इतिहासाच्या अभ्यासकांत ते सुप्रसिद्ध आहे. त्यात तलवार कशी धरावी, हल्ला कसा चढवावा, यांविषयी चकार शब्द नाही. विषय आहे दाणा, वैरण आणि दिवा. पावसाळ्यापुरता साठविलेला दाणागोटा आताच बेपर्वाईने उधळलात, तर पुढे घोडी उपाशी मरतील; मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल; आणि रयत म्हणेल की यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा तसाच जळत ठेवलात तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. पत्राचा आशय असा आहे. हुकूम करणाऱ्याने हुकुमामागचे कारण पायरीपायरीने उलगडून सांगावे, ही त्या काळच्या कोणत्याही दरबारात दुर्मीळ गोष्ट. शिपाई हा सांगितले तर समजणारा माणूस आहे, असे गृहीत धरून लिहिलेले हे पत्र आहे.

आता औरंगाबादेकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादेस हेन्री रसेल नावाचा इंग्रज रेसिडेंट होता. त्याच्या पुढाकाराने निजामाच्या खर्चाने, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, कवायती पलटणी उभ्या राहिल्या. १८१३ च्या सुमारास तयार झालेली रसेल ब्रिगेड ही त्यांतली पहिली. पुढे या फौजेस कंटिंजंट असे नाव पडले आणि बोलारम, हिंगोली, एलिचपूर, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबेजोगाई, आणि औरंगाबाद येथे तिची ठाणी झाली. खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रजांचा, असा हा चमत्कारिक संसार होता. पगार थकत गेला, कर्ज वाढले, आणि अखेर १८५३ च्या तहाने या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड प्रांतच इंग्रजांच्या स्वाधीन झाला. एखाद्या पलटणीच्या पगारापायी अख्खा कापसाचा मुलूख हातचा जावा, हे उदाहरण इतिहासात वारंवार आढळत नाही.

याच औरंगाबादच्या ठाण्यात १८२४ साली मेडोज टेलर हा अवघ्या पंधरा-सोळा वर्षांचा इंग्रज मुलगा निजामाच्या नोकरीत दाखल झाला. पुढे ठगांवरील कादंबरीने त्याचे नाव विलायतेत गाजले. त्याने येथील भाषा आस्थेने शिकून घेतल्या व त्यांचा त्याला जन्मभर उपयोग झाला. नव्या अधिकाऱ्यासही शिपायाइतकीच उमेदवारी करावी लागते, हे त्याच्या चरित्रावरून ध्यानात येते.

कंटिंजंटचा स्वार हा शिलेदारी पद्धतीचा. बारगीर आणि शिलेदार हे भेद मराठी वाचकाला परके नाहीत: सरकारी अथवा दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. इंग्रजांनी ही पद्धत मराठ्यांच्या व मोगलांच्या फौजांतून जशीच्या तशी उचलली. त्यामुळे स्वारांच्या रिसाल्यात भरती होणे म्हणजे जवळजवळ एक धंदा विकत घेणे होते. घोड्याचे, खोगिराचे पैसे भरावे लागत. ते घरी नसले तर सावकाराकडून आणावे लागत. आणि घोडे मेले म्हणजे स्वार पायउतार होई. अशा माणसाला नोकरीची शर्त म्हणजे केवळ कागद नव्हे. त्याचे भांडवलच तीत गुंतलेले असे. आपण कोणाचे नोकर, कोठवर जाण्यास बांधलेले, कोणाविरुद्ध लढण्यास बांधलेले, हे प्रश्न त्याच्या दृष्टीने पोटाचे आणि अब्रूचे होते.

१८५७ च्या जून महिन्यात हे प्रश्न औरंगाबादच्या छावणीत उघडपणे विचारले गेले. पहिला रिसाला मोमिनाबादेहून नुकताच येथे आला होता. उत्तरेकडे मेरठ-दिल्लीचा वणवा पेटलेला. आपल्याला दख्खनबाहेर नेऊन दिल्लीच्या बादशहाशी लढविणार, अशी बोलवा स्वारांत पसरली. त्यांच्या बैठका झाल्या, शपथा झाल्या. अधिकाऱ्यांनी समजूत घातली. पण तोवर विश्वासाचा धागा तुटला होता. पुण्याहून महूकडे निघालेली जनरल वुडबर्न याची फौज वाट वाकडी करून औरंगाबादेस आली. महिन्याच्या अखेरीकडे रिसाल्याला मैदानावर उभे करण्यात आले. मीर फिदा अली नावाच्या दफेदाराने आपल्या कप्तानावर, ॲबट याच्यावर, गोळी झाडली. ती चुकली. बरेच स्वार घोडी फेकीत निसटले, काही पाठलागात सापडले. फिदा अली फासावर गेला; इतर कित्येकांना गोळ्या घालण्यात आल्या, कोणाला तोफेच्या तोंडी देण्यात आले. शहरातील क्रांती चौकाच्या परिसरात काळा चबुतरा म्हणून जी जागा दाखवितात, तिच्याशी या शिक्षांची आठवण जोडलेली आहे.

या प्रकरणास कोणी बंड म्हणेल, कोणी स्वातंत्र्याचा उठाव म्हणेल. त्यात धर्माची भावना होती, बादशाहीविषयी निष्ठा होती, गोऱ्या अधिकाऱ्यांविषयी संशयही होता. परंतु या सर्वांच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती, ती सहसा कोणी सांगत नाही. निजामाच्या मुलखातली चाकरी समजून जे रिकिबीत पाय ठेवून बसले, त्यांना ती चाकरी कोठवर नेईल, हे खात्रीने कोणी सांगितलेले नव्हते; आणि सांगण्याची वेळ आली तेव्हा सांगणाऱ्याच्या शब्दाला किंमत उरली नव्हती.

हा घोटाळा एकट्या औरंगाबादचा नव्हता. आदल्याच वर्षी, १८५६ साली, कलकत्त्याच्या सरकारने नवा कायदा केला: बंगाल फौजेत यापुढे जो भरती होईल त्याने हुकूम झाल्यास समुद्रापारही गेले पाहिजे. कायदा नव्या शिपायापुरताच होता. पण अयोध्या प्रांतातल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या भरती होत असे. तेथे मुलाची शर्त बदलली म्हणजे बापालाही आपल्या जातीची धास्ती वाटली. मुंबई व मद्रासच्या पलटणी समुद्रपर्यटनास सरावलेल्या असल्याने तेथे हा कायदा नवा वाटला नाही. दरमहा सात रुपये पगाराच्या शिपायाकडून काय मागावे याचा हिशेब सरकारजवळ होता. त्याला काय विचारून घ्यावे याचा नव्हता.

कंटिंजंटच्या इतर पलटणी पुढे इंग्रजांच्याच बाजूने मध्य हिंदुस्थानात लढल्या, हेही नमूद केले पाहिजे. १९०२ साली वऱ्हाडचा कायमचा पट्टा झाला आणि १९०३ साली ही सारी फौज हिंदी लष्करात विलीन झाली. पायदळास नव्याने चौऱ्याण्णव ते नव्याण्णव हे क्रमांक मिळाले. रिसाल्यांस डेक्कन हॉर्स यांसारखी नावे आली. ज्यांचे पूर्वज दख्खनबाहेर जाण्यास नाखूश होते, त्याच फौजेच्या वारसांपैकी विसावा डेक्कन हॉर्स हा रिसाला १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या रणक्षेत्री, हाय वूड नावाच्या रानाजवळ भाले सरसावून दौडत गेला.

दरम्यान शिपायाचे शिक्षणही पालटले. मुंबईच्या जुन्या पलटणींतून १९२२ साली पाचवी मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंट बनली आणि तिचे शिक्षणकेंद्र बेळगावी स्थिरावले. तेथे दाखल होणाऱ्या सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडील पोरांच्या वाट्याला जे कष्ट आले, ते आजही फारसे बदललेले नाहीत. पहिला शत्रू बूट. अनवाणी किंवा कोल्हापुरी वहाणेत डोंगर तुडविलेला पाय कडक चामड्यात कोंडला की फोड येतात, आणि फोड लपविले की पाय निकामी होतो. ज्याने गावीच महिना-दोन महिने जड जोडा घालून चालण्याचा सराव केला, त्याची पहिली पंधरवडी सुकर जाते. दुसरी अडचण भाषेची. घरी मराठी, हुकूम इंग्रजीत, आणि शिकवणी रोमन लिपीतल्या उर्दूत, अशी तिहेरी कसरत त्या काळी होती. मराठी मुलगा कवायतीचे शब्द अर्थाने नव्हे, तालाने शिके. स्वातंत्र्यानंतर सावधान, विश्राम, दाहिने मुड हे शब्द आले आणि निदान तेवढा भार हलका झाला. तिसरी गोष्ट उस्तादाची. शिकविणारा हवालदार ओरडतो, आणि नव्या मुलास वाटते की आपल्याशीच याचे वैर आहे. वास्तविक तो प्रत्येकावर सारखाच ओरडतो; ज्याला हे आठ दिवसांत कळले त्याची झोप सुधारते. पायांना गुंडाळावयाची लोकरी पट्टी इंग्रजीत त्याच नावाने गेली आणि जगभरच्या सैन्यांनी ती वापरली. दिलेघेतलेल्या वस्तूंची यादी करावयाची झाली तर पट्टीचा मान मोठा आहे.

अन्नाचा प्रश्न मात्र याहून गंभीर आहे. डिसेंबर १९१५ पासून मेसापोटेमियात कूत येथे पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडले. त्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणींचे लोक होते. धान्य संपत आले तेव्हा घोड्याचे मांस पुढे आले, आणि हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी प्रथम ते नाकारले. धर्माधिकाऱ्यांच्या परवानग्या मागविण्यात आल्या. त्या येईपर्यंत व पटेपर्यंत माणसे खंगत राहिली. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण गेले. भरतीच्या दिवशी नव्या शिपायाशी या गोष्टी कोणी बोललेच नव्हते. बोलले असते तर त्याने निदान आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवले असते.

आणि ज्यांना शर्त वाचण्याचीच संधी मिळाली नाही, त्यांचे काय? १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. कोरेगावच्या लढाईपासून ज्यांचे वाडवडील पलटणीत होते त्यांच्यापुढे एकाएकी दार लागले. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला. फौजेतील शाळा ही त्या समाजाला मिळालेली विद्येची पहिली वाट होती. रामजी सकपाळ हे सुभेदार महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि तेथेच १८९१ साली त्यांच्या पुत्राचा, भीमरावांचा, जन्म झाला. भरती बंद म्हणजे शाळाही बंद. महायुद्धाच्या गरजेने १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली, गरज सरताच १९२१ पर्यंत मोडली गेली. पुन्हा युद्ध आले तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावीच महार रेजिमेंट स्थापन झाली. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले. त्याचा नागसेनवन परिसर छावणीपासून फार दूर नाही. सुभेदाराच्या मुलाने लष्करी वस्तीच्या शेजारी विद्येचे ठाणे मांडावे, यात काही योगायोग असेल, काही नसेलही.

मराठवाड्यातल्या खेड्यांतून आजही मुले पहाटे उठून सोळाशे मीटर धावण्याचा सराव करतात. भरतीच्या मेळाव्यात त्यांची छाती, उंची, दौड मोजली जाते. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने त्यांच्यापुढे आणखी एक मोजमाप ठेवले: नोकरी चार वर्षांची, आणि त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच लोक कायम सेवेत घेतले जातील. या योजनेचे गुणदोष हा वेगळा विषय आहे. परंतु एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी गावी परतावे लागले तर हातात काय असेल, याचा विचार धावण्याच्या सरावाइतकाच अगोदर व्हावयास हवा, आणि तो मुलाने एकट्याने करू नये. केंद्राकडे निघताना आई लाडूचा डबा देते, वडील पैसे देतात, मामा घड्याळ देतो. त्या मंडळींनी त्याच रात्री कंदिलाखाली म्हणा, विजेखाली म्हणा, भरतीचा कागद मोठ्याने वाचून काढला तर एक तास जाईल.

त्या कागदाच्या पुढे, शिक्षण संपल्यावर कसम परेडच्या दिवशी, शपथ घ्यावयाची असते. १८५६ च्या कायद्यात एकट्या समुद्राचा प्रश्न होता. आजच्या शपथेत शिपाई हुकूम होईल तेथे जमिनीवरून, समुद्रावरून वा आकाशातून जाण्याचे वचन देतो, आणि जिवावर बेतले तरी आज्ञा पाळण्याचे वचन देतो. तिरंग्यासमोर उभा राहून हे शब्द म्हणणारा मुलगा पुष्कळदा अठरा-एकोणीस वर्षांचा असतो.