ग्रिड पाडून बघा!

बीटेकला असताना 'पॉवर सिस्टिम' हा पेपर मी पाठांतरावर काढला. एखादी लाईन ट्रिप झाली की पुढे नेमकं काय होतं, हे डोळ्यांना कधी दिसलंच नाही. कसं दिसणार? खरं ग्रिड विद्यार्थ्यांच्या हातात कोण देणार? मग ते शिकायचं कसं? खेळून! आणि ही आयडिया आजची नाही बरं का.

१९२९ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड हेझन आणि जनरल इलेक्ट्रिकचे ह्यू स्पेन्सर यांनी 'नेटवर्क अ‍ॅनालायझर' उभा केला. म्हणजे खोलीत मांडलेलं छोटं ग्रिड. लाईनच्या जागी कॉइल आणि कपॅसिटर, जनरेटरच्या जागी फेज बदलणारे ट्रान्सफॉर्मर. बांधलं होतं किचकट आकडेमोड वाचवायला, पण जीव खेळाचा होता. एक जोडणी काढा, मीटर बघा, चुकलं तर पुन्हा डाव मांडा. कुणाच्या घरचा दिवा जात नाही.

पुढे डिजिटल कॉम्प्युटर आले आणि अ‍ॅनालायझर अडगळीत गेले. १९८९ मध्ये विल राइट यांचा 'सिमसिटी' आला. वस्तीपर्यंत वीज पोहोचली नाही की तिथे विजेचं चिन्ह लुकलुकायचं. २००४ मध्ये फ्रीडमन फ्रीझे यांचा 'पॉवर ग्रिड' हा जर्मन बोर्डगेम आला. त्यात वीजकेंद्रांचा लिलाव होतो, आणि सगळे कोळशावर तुटून पडले की कोळसा महागतो. इंधन घेताना जो सगळ्यांत पुढे, त्याचा नंबर शेवटी! विजेचं अर्थकारण दोन डावांत डोक्यात बसतं.

पण गोम इथेच आहे. या खेळांत तार जोडली की वीज पोहोचली, विषय संपला. खरी वीज मात्र आपण आखलेल्या रस्त्याने जात नाही, मिळेल त्या सगळ्या वाटांनी वाहते. ३० जुलै २०१२ ला पहाटे अडीचच्या सुमारास ४०० केव्हीची बिना-ग्वाल्हेर लाईन ट्रिप झाली. तिचा भार इतर लाईनींवर गेला, त्याही एकामागून एक पडल्या, आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच, आणि या वेळी पूर्व आणि ईशान्य भारतही सोबत. ६० कोटींहून जास्त लोकांच्या भागातली वीज गेली. आपलं पश्चिम ग्रिड मात्र तगलं.

म्हणून क्विझला पॉइंट आणि बॅज चिकटवले की झालं शिक्षण, असं मला वाटत नाही. मुलांना ती लाईन स्क्रीनवर स्वतः पाडू द्या. ग्रिड कोसळताना बघू द्या. मग म्हणा, "आता वाचवून दाखव." १९२९ च्या त्या खोलीत हीच तर सोय होती.

तुमच्या कॉलेजात असं काही खेळायला मिळालं का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!