प्रहरी लसीकाग्रंथी : मेलॅनोमातील निदान

पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येते. त्वचेतली लसीका ठरलेल्या वाटांनी ठरलेल्या ग्रंथींकडे वाहते, त्याची ही खूण. मेलॅनोमा या रंगपेशींच्या कर्करोगातून सुटलेल्या पेशीही बहुधा याच वाटेने जातात. वाटेत सर्वांत आधी लागणारी ग्रंथी ती प्रहरी ग्रंथी. कधी अशा दोन-तीनही असतात. रोग पसरला आहे का हे पाहण्यासाठी त्याच काढून तपासतात. ग्रंथीची गाठ हाताला लागतच असेल, तर ही पद्धत उपयोगाची नाही. तेव्हा सुईने पेशी काढून थेट तपासतात.

अमेरिकेतील शल्यविशारद डोनाल्ड मॉर्टन यांनी विकृतिवैज्ञानिक अ‍ॅलिस्टर कॉक्रन व इतर सहकाऱ्यांसह ही पद्धत १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. तोवर रोग पसरल्याच्या नुसत्या शंकेने काखेतल्या वा जांघेतल्या सगळ्या ग्रंथी काढत. बहुतेकांत रोग नसेच. हातापायाची सूज मात्र काहींच्या जन्माची सोबतीण होई.

साधारणपणे १ मिमी.पेक्षा जाड मेलॅनोमात ही तपासणी सुचवतात. मूळ जागेभोवती टेक्नेशियमयुक्त द्रव्य टोचून गॅमा कॅमेऱ्याने वाट पाहून घेतात. पाठीवरच्या मेलॅनोमाची लसीका दोन्ही काखांत उतरू शकते, म्हणून हे आधी पाहणे मोलाचे. शस्त्रक्रियेच्या वेळी निळा रंगही टोचतात. छेद दिल्यावर दोऱ्याएवढी निळी वाहिनी दिसते. तिच्या टोकाशी निळसर ग्रंथी असते आणि तिच्यावर टेक्नेशियमचा किरणोत्सर्ग टिपणाऱ्या यंत्राचा आवाज वाढतो.

खरे निदान मात्र सूक्ष्मदर्शकाखाली होते, आणि तिथे घाई मुळीच चालत नाही. शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवून केलेली तपासणी इथे टाळतात, कारण तिच्यात ऊतक वाया जाते व बारीक पेशीसमूह हुकतात. मेणात बसवलेल्या ग्रंथीचे निरनिराळ्या पातळ्यांवर काप घेऊन एस-१००, मेलान-ए, एचएमबी-४५ यांसारख्या, पेशी रंगवून दाखवणाऱ्या चाचण्या करतात. एस-१०० काही निरोगी पेशींनाही रंगवते. ग्रंथीच्या आवरणात साध्या तिळाच्या पेशीही सापडतात. त्यांना कर्करोग समजणे ही गंभीर चूक.

ग्रंथीत रोग सापडला की रोग तिसऱ्या टप्प्यात धरतात. उरलेल्या ग्रंथी लगेच काढल्याने आयुष्य वाढत नाही, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. म्हणून आता बहुतेकांवर सोनोग्राफीने लक्ष ठेवतात आणि औषधोपचारांचा विचार करतात. ग्रंथी निर्दोष निघाली तरी काही जणांत पुढे त्याच जागी रोग उद्भवतो. त्यामुळे त्यांचीही काख, जांघ व मान नियमित तपासावी लागते.