बॅकलिंकची जन्मतारीख

मागच्या वेळी आपण ब्रिन आणि पेज यांच्या १९९८च्या शोधनिबंधापाशी थांबलो होतो. स्टॅनफर्डमध्ये या दोघांनी दोन कोटी चाळीस लाख पानं गोळा केली आणि कुणाचा दुवा कुणाकडे जातो, त्यावरून पानाचं वजन ठरवलं. वजन आलं की मोजदाद आलीच. पण बाहेरच्या माणसानं आपल्याकडे येणारे दुवे, म्हणजे बॅकलिंक, मोजायचे कशानं? याहूनं २००५ साली साइट एक्स्प्लोरर दिलं. फुकटचं होतं, लोक विसंबले, आणि नोव्हेंबर २०११मध्ये ते बंद झालं. मग मदार राहिली मॅजेस्टिक, मॉझ, एचरेफ्स अशांवर.

ही साधनं दुवा ‘पहिल्यांदा कधी दिसला’ ती तारीख देतात. लोक तीच जन्मतारीख धरतात. जुन्या पिढीत कितीजणांचा वाढदिवस १ जूनला येतो, आठवतंय ना? मास्तरांनी लिहिली ती तारीख! क्रॉलर बातम्यांच्या पानावर सारखा जातो, कोपऱ्यातल्या पानाकडे महिनोन्‌महिने फिरकत नाही. त्यामुळे दोन साधनांच्या तारखा ताडून कोण आधी पोचलं एवढंच कळतं. किती उशिरा, ते नाही. त्यासाठी दुवा स्वतः टाकायचा, वेळ टिपायची, सर्व्हरच्या लॉगमध्ये क्रॉलर कधी आला ते बघायचं, आणि अहवालात दुवा कधी उमटला तेही. क्रॉलर येऊन गेला तरी अहवालात नोंद लगेच दिसेलच असं नाही. आणि जे दुवे सापडलेच नाहीत, तेही हिशेबात धरायचे. ते गाळले तर सरासरी उगाचच चांगली दिसते.