मोटारसायकलचा प्लग

सकाळची वेळ. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लटकवलेले, डेअरीची गाडी यायला थोडाच अवकाश, आणि मोटारसायकल काही केल्या पेट घेत नाही. दहा किका झाल्या, पंधरा झाल्या. मग कोणीतरी म्हणतो, "प्लग काढून बघा की." प्लग काढतात, फडक्याने पुसतात, फुंकर मारतात, इंजिनाच्या पत्र्याला टेकवून किक मारतात. निळी ठिणगी दिसली की सगळ्यांचे समाधान होते. ठिणगी आहे, म्हणजे प्लग चांगला!

हा समज आपल्याकडे इतका पक्का बसला आहे की त्याविषयी दोन शब्द बोलावेत असे फार दिवस मनात होते. ठिणगी पाडणे हे प्लगचे निम्मेच काम आहे, आणि तेही सोपे निम्मे. अवघड काम निराळे आहे. ते कोणते, हे कळायला थोडे मागे जावे लागेल.

१८६० साली पॅरिसमध्ये एत्येन लनुआर नावाच्या कारागिराने दिव्याच्या गॅसवर चालणारे इंजिन केले. सिलिंडरातला गॅस पेटवायला त्याने बॅटरी, वेटोळे आणि चिनी मातीत बसवलेल्या दोन तारा वापरल्या. आजच्या प्लगचा हा पूर्वज. विजेची ठिणगी तेव्हाही पडत होती. पण लनुआरचे इंजिन संथ होते, एका जागी उभे राहणारे होते, आणि त्यात गॅस दाबलाही जात नसे. त्याच्या प्लगची परीक्षा अशी झालीच नाही.

पुढे पंचवीस वर्षांनी जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी चौकटीवर इंजिन बसवून जगातली पहिली पेट्रोलची दुचाकी केली, तिला प्लग नव्हताच! एक नळी बाहेरून ज्योतीने लाल तापवायची आणि तिच्या उष्णतेने आतला वायू पेटवायचा, अशी युक्ती होती. ज्योत बरोबर बसणाऱ्याच्या खाली. १८८५ च्या नोव्हेंबरात डाइमलरचा मुलगा पाऊल ती गाडी घेऊन कानश्टाटहून निघाला, तेव्हा वाटेत बैठकीनेच पेट घेतला असे सांगतात. मोटारसायकलीचा इतिहास असा बुडाला चटका बसून सुरू झाला आहे.

ज्योत नको, वीजच हवी, हे सर्वांना पटले. अडचण होती ती वीज रस्त्यावर आणायची कुठून, ही. बॅटऱ्या लवकर उतरत. स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने इंजिनाच्याच फिरण्यातून वीज काढणारा मॅग्नेटो १८९७ साली एका फ्रेंच तीनचाकीवर बसवून दाखवला. पण त्याची वीज कमी दाबाची होती. सिलिंडरच्या आत दोन धातू एकमेकांपासून झटकन दूर करून ठिणगी काढावी लागे, आणि आगीत हलणारे ते भाग फार दिवस टिकत नसत. १९०२ साली बॉशचेच अभियंते गॉटलोब होनोल्ट यांनी मॅग्नेटोतूनच हजारो व्होल्टचा दाब मिळवला आणि त्याच्या जोडीला प्लग दिला. आता आत काहीच हलायचे नव्हते. ठिणगी स्वतःच फटीवरून उडी मारू लागली. मोटारसायकल खऱ्या अर्थाने घराबाहेर पडली ती तेव्हापासून.

शिक्षक बंधुभगिनींसाठी येथे एक आकडा सांगतो. मोकळ्या, कोरड्या हवेत एक मिलिमीटर फट ओलांडायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. पण हवा दाबली की ती ठिणगीला अधिक अडवते. सिलिंडरात तीच फट ओलांडायला दहा-पंधरा हजार व्होल्ट लागू शकतात. म्हणून बाहेर पत्र्यावर टेकवून दिसलेली ठिणगी आतही पडेलच, असे नाही. चिनी मातीला केसाएवढी चीर असेल, तर बाहेर ठिणगी ठणठणीत दिसते आणि आत वीज त्या चिरेतून पळून जाते. आमच्या डेअरीवाल्याचे समाधान किती कच्चे आहे ते पाहा.

प्लगच्या धंद्यात त्या काळी कोण कोण उतरले, तीही मौज आहे. अल्बेर शांपियाँ हा पॅरिसचा सायकलपटू. १८९९ ची पॅरिस ते रूबे ही खडतर शर्यत जिंकलेला. तो अमेरिकेला गेला, १९०५ मध्ये बॉस्टनला कंपनी काढली, भागीदारांशी पटेना म्हणून १९०८ साली फ्लिंटला दुसरी काढली. स्वतःचे आडनाव मात्र पहिल्या कंपनीकडेच राहिले. तेव्हा नव्या प्लगवर त्याने आद्याक्षरेच घातली, 'एसी'. अशा रीतीने चॅम्पियन आणि एसी हे दोन्ही प्रसिद्ध प्लग एकाच माणसाच्या नावाचे आहेत. इंग्लंडात सर ऑलिव्हर लॉज यांच्या मुलांनी लॉज प्लग काढला. हे लॉज कोण? १८९४ साली ऑक्सफर्डला बिनतारी संदेश पाठवून दाखवणारे शास्त्रज्ञ. रेडिओ आणि प्लग यांचे असे घरोब्याचे नाते आहे. पूर्वी रस्त्यावरून मोटारसायकल गेली की रेडिओत खरखर उमटे, ती या नात्याचीच खूण. प्रत्येक ठिणगी हे एक छोटे प्रक्षेपण केंद्रच असते! ती खरखर दाबण्यासाठी पुढे प्लगच्या आतच रोधक घालू लागले. हल्लीच्या प्लगच्या नावात 'आर' हे अक्षर दिसते, ते बहुधा त्याचेच.

असो. ठिणगीचा प्रश्न सुटला, आणि खरा प्रश्न पुढे आला. तो उष्णतेचा.

सहा हजार फेऱ्यांनी फिरणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनात मिनिटाला तीन हजार स्फोट होतात. दोन-स्ट्रोक असेल तर सहा हजार, म्हणजे सेकंदाला शंभर. प्रत्येक वेळी दोन हजार अंशांच्या वरची ज्वाला, आणि तिच्या मागोमाग थंड, ओले पेट्रोल. साधी चिनी माती यात तडकून जाई. मग केनेल्म ली गिनेस या शर्यतपटूने १९१२ च्या सुमारास लंडनजवळ अभ्रकाचे प्लग करायला घेतले. अभ्रक तडकत नाही. पहिल्या महायुद्धात विमानांना असले प्लग लागले. त्या काळात जगाच्या बाजारातल्या चांगल्या अभ्रकाचा मोठा वाटा आपल्या देशातून, कोडर्मा-गिरिडीहच्या आणि नेल्लोरच्या खाणींतून जात असे. पण पेट्रोलमध्ये शिसे घालायची पद्धत निघाली, आणि शिशाच्या खारांनी अभ्रक खाल्ले. अखेर १९३० नंतरच्या काळात जर्मनीत ॲल्युमिना भाजून केलेले, दगडासारखे कठीण अंग निघाले. तडकत नाही, विजेला अडवते, आणि उष्णता मात्र चांगली वाहून नेते. आज तुमच्या हातातल्या प्लगचा पांढरा भाग तोच आहे. त्याला आपण चिनी माती म्हणतो ते सवयीने.

प्लगचे टोक किती गरम राहावे, याला दोन कुंपणे आहेत. सुमारे ४५०-५०० अंशांच्या खाली राहिले तर काजळी जळून जात नाही, साचत जाते, आणि वीज काजळीतून निसटते. ८५० अंशांच्या वर गेले तर टोकच निखारा बनते. मग ठिणगीची वाट न पाहता पेट्रोल आधीच पेटते. पिस्टन वर येत असतानाच स्फोट त्याला खाली ढकलतो. या दोन कुंपणांच्या मधे टोक राखणे, हे प्लगचे अवघड निम्मे काम.

ते कसे साधते? लोखंडी सळईचे एक टोक चुलीत आणि दुसरे पाण्याच्या बादलीत आहे, अशी कल्पना करा. चुलीपासून पाण्यापर्यंतचे अंतर आखूड असेल तर उष्णता चटकन पाण्यात उतरते. लांब असेल तर टोक लाल होते. प्लगच्या आतले पांढरे नाक असेच लांब किंवा आखूड असते. लांब नाकाचा तो गरम प्लग, आखूड नाकाचा तो थंड प्लग. संथ, साध्या इंजिनाला गरम. जोरात पळणाऱ्या, दाब जास्त असलेल्या इंजिनाला थंड. बाहेरून दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसतात.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांच्याकडे दोन-स्ट्रोक मोटारसायकल होती. आपल्या देशात त्या काळी अशा गाड्या पुष्कळ होत्या. म्हैसूरची जावा १९६१ पासून, एस्कॉर्ट्सची राजदूत १९६२ पासून, पुण्याच्या फिरोदियांची लूना १९७२ पासून. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे, त्यामुळे प्लग वरचेवर काळा होई, आणि खिशात एक जादा प्लग असल्याशिवाय कोणी गाव सोडत नसे. वडिलांचाही प्लग सारखा काजळे. तालुक्याच्या एका दुकानदाराने सांगितले, "गुरुजी, हा घ्या. आटे तेच, लांबी तीच, आणि काळा पडायचा नाही." तो म्हणाला ते खरे होते. प्लग काळा पडलाच नाही. महिनाभर वडील खुशीत होते. मग उन्हाळ्यात आईला मागे बसवून घाट चढताना गाडी एकदम दम तोडल्यासारखी थांबली. हेड उघडले तेव्हा पिस्टनच्या माथ्याला करंगळी जाईल एवढे भोक पडलेले. प्लग दोन पायऱ्या जास्त गरम होता. काजळीचे दुखणे गेले आणि इंजिनच गेले. दुरुस्तीला महिन्याच्या पगारापेक्षा जास्त पैसे गेले. आईने ते पैसे कोठून उभे केले, ते आम्हाला फार उशिरा कळले.

दुकानदार लबाड नव्हता. त्याला आकड्यांनी फसवले असावे, कारण हे आकडे खरोखरच फसवे आहेत. बॉशच्या जुन्या पद्धतीत, जी आपल्याकडे १९५१ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या मायको कंपनीच्या प्लगवरही असे, १४५, १७५, २२५ असे आकडे होते. आकडा मोठा तितका प्लग थंड. पुढे बॉशने एक-आकडी पद्धत आणली, आणि तीत उलटे केले: आकडा मोठा तितका प्लग गरम. जपानच्या एनजीके कंपनीची (स्थापना १९३६) पद्धत पुन्हा निराळी. तेथे आकडा मोठा तितका प्लग थंड. म्हणजे एका कंपनीचा सात आणि दुसऱ्या कंपनीचा सात यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कंपनी बदलायची असेल तर आकडा जुळवू नका. तक्त्यात तुमच्या गाडीचे नाव शोधा.

एनजीकेचे एक नाव उलगडून पाहू: सीपीआर-८-ईए-९. पहिले 'सी' म्हणजे आट्यांचा व्यास १० मिलिमीटर. 'आर' म्हणजे मघाचा रोधक. ८ ही उष्णतेची पायरी. 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. शेवटचा ९ म्हणजे फट ०.९ मिलिमीटर. लांबीचेही महत्त्व आहे बरे का. आखूड जागेत लांब प्लग घातला तर पिस्टन त्यावर आदळेल. लांब जागेत आखूड घातला तर उघड्या राहिलेल्या आट्यांत काजळी भरेल, आणि पुढे योग्य प्लग बसणार नाही.

बदलताना इंजिन थंड होऊ द्या. हेड ॲल्युमिनियमचे असते. गरमपणी प्लग ओढून काढला तर आटे सोबत येतात. काढण्याआधी भोवतालची धूळ फुंकून टाका, नाहीतर ती सरळ सिलिंडरात जाते. फट पट्टीने मोजा, अंदाजाने नको, आणि वाकवायची तर बाजूची पट्टी वाकवा, मधल्या टोकाला हात लावू नका. नवा प्लग बोटांनी फिरवत पूर्ण बसवायचा. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरके लागले आहेत, परत काढा. पुरता बसला की मगच पाना लावून साधारण अर्धा फेरा. जुनाच प्लग परत बसवत असाल तर त्याची चकती आधीच दबलेली असते. मग घड्याळाचा काटा एका तासात सरकतो तेवढेच पुरे. आमच्याकडे पान्याला पाइप लावून आवळण्याची जी हौस आहे, तिने प्लगपेक्षा हेड जास्त खराब केली आहेत.

काढलेला प्लग फेकू नका, आधी वाचा. टोक फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. कोरडी काजळी असेल तर एअर फिल्टर तुंबला आहे का, चोक अडकला आहे का, ते पाहा. लगेच गरम प्लगकडे धावू नका. वडिलांची चूक तीच झाली. तेलकट ओला असेल तर चार-स्ट्रोकमध्ये रिंगा झिजल्या असतील. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर मात्र गाडी त्याच दिवशी मिस्त्रीकडे न्या. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर पेट्रोलमधले शिसे गेले आणि २०२० पासून नव्या गाड्यांत पेट्रोल मोजून आत सोडणारी यंत्रणा आली. त्यामुळे प्लग पूर्वीइतके रंग दाखवत नाहीत, हे खरे. पण पांढरे फोड अजूनही पांढरेच दिसतात.

पुण्याच्या बजाज कंपनीने २००३ साली पल्सरला एका सिलिंडरात दोन प्लग दिले, २०१२ साली एका गाडीला तीन. दोन बाजूंनी पेटले की ज्वालेला कमी अंतर कापावे लागते आणि पेट्रोल लवकर, पुरते जळते. अशा गाडीचा एक प्लग बंद पडला तरी ती चालत राहते, फक्त ओढ कमी होते आणि पेट्रोल जास्त लागते. म्हणून अशा गाडीचे सगळे प्लग एकदम पाहावेत. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना प्लग नसतो, शेतावरच्या डिझेल इंजिनालाही नसतो. तेथे नुसत्या दाबानेच इंधन पेटते. पण पाठीवरच्या पेट्रोलच्या फवारणी पंपाला तो असतो, आणि वर सांगितलेले सारे त्यालाही लागू आहे.

भोक पडलेला तो पिस्टन वडिलांनी टाकून दिला नाही. निवृत्त होईपर्यंत तो त्यांच्या वर्गात टेबलावर कागद दाबायला असे. चौथीतली मुले त्या भोकातून बोट घालून पाहत आणि विचारत, "गुरुजी, हे कशानं पडलं?" मग विज्ञानाचा तास त्या दिवशी पुस्तकाबाहेर जाई.